दादांच्या चष्म्यावरचा अंगठा

१ डिसेंबर, रविवार
लेन्स आली. मोबाईलला चिमट्यासारखी लावायची. स्पर्धेचा विषय : घरातल्या रोजच्या वस्तू, अगदी जवळून. फ्लॅश चालणार नाही, खिडकीतला उजेडच पाहिजे. मुदत एकतीस तारखेपर्यंत. बोरीतून दुसऱ्या कुणी भाग घेतल्याचं ऐकिवात नाही. म्हणजे गावात पहिला नंबर आत्ताच पक्का.
साखर, आगकाडीचं गुल आणि किसणी यांचे फोटो काढून झाले. सुकेशनी किसणी परत मागत होती. कलेसाठी बायकोनं एवढं सोसलं पाहिजे, असं तिला समजावलं. ती म्हणाली, "मंग खोबरं तुमीच किसा."
संकल्प : रोज एक फोटो.

३ डिसेंबर, मंगळवार
शाळेतून येईपर्यंत ऊन जातं. शिक्षण खात्याला कलेचं काही पडलेलं नाही.
रात्री वरणात खडा. दाढ ठणकायलीय. सकाळच्या उजेडात खडा धुऊन त्याचा फोटो काढू. काल राहिलेला फोटो परवा भरून काढू.

७ डिसेंबर, शनिवार
सकाळची शाळा, त्यामुळे दुपारी घरी. आणि विषय सापडला!
दादा मे महिन्यात गेले. माझे वडील. पश्चिमेच्या खिडकीत खुर्ची टाकून पेपर वाचायचे. खुर्ची तिथंच आहे, चष्माही खिडकीच्या फळीवर तसाच. आज लेन्स लावून पाहिलं तर डाव्या काचेवर अंगठ्याचा ठसा. नांगरलेल्या रानासारख्या रेघा, मधोमध भोवरा. दादांचा अंगठा! माणूस गेला, अंगठा राहिला.
मी विज्ञानाचा शिक्षक, हळवा वगैरे झालो नाही. उन्हाकडं बघितलं की डोळ्यांतून पाणी येतंच.
आईला परभणीला डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यायचंय. स्पर्धा झाली की लगेच.

८ डिसेंबर, रविवार
काल चष्मा खिडकीबाहेर तोंड करून ठेवला होता. आज भिंतीकडं तोंड. सुकेशनी म्हणते, हात लावला नाही. मांजर असेल. आपल्याकडं मांजर नाही, पण शेजारी बालाजीकडं आहे.

१२ डिसेंबर, गुरुवार
नववीत एका पोरीनं विचारलं, सर, भूत असतं का. अख्खा तास त्यावरच घेतला. सगळे मनाचे खेळ. वर्ग प्रभावित.
घरी आलो तेव्हा दिवस मावळायलेला. खिडकीत उजेडाविरुद्ध उभा राहून चष्मा न्याहाळत होतो. मागून आईचा आवाज आला. हळू, मऊ, दादांशी बोलायची तसा.
"आवं, आलात का?"
अंगावर सर्रकन काटा. मी म्हणालो, आई, मी सिद्धोधन. मग "बरं" म्हणाली आणि भिंतीला हात लावत आत गेली.
आईच्या मनावर परिणाम झालाय. तिच्यापुढं दादांचा विषय काढायचा नाही.

१५ डिसेंबर, रविवार
सात तारखेचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवून मोठा केला. आज उजव्या काचेवरही अंगठा आहे. ताजा. गेलेल्या माणसाचे ठसे वाढत नाहीत.
हवेतल्या दमटपणामुळं तसं होत असावं. डिसेंबरात दमटपणा कुठून, ते नंतर पाहू.
सुकेशनीला सांगितलं. ती म्हणाली, "आईला इचारा की." नको. त्या बिचारीला कशाला घाबरवायचं? आईच आपणहून डोळ्यांचं काहीतरी सांगत होती. तेवढ्यात खिडकीत ऊन आलं, मी उठलो.
आज झोपायची जागा बदलली. या खोलीत वारं लागतं.

१९ डिसेंबर, गुरुवार
एक शक्यता : दादांची वस्तू स्पर्धेला लावली, हे त्यांना आवडलं नसावं. माझा यावर विश्वास नाही. पण खबरदारी म्हणून शाळेला जाताना फळीवर कपभर चहा ठेवला. दादांना लागायचा तसा, साखर जास्त.
संध्याकाळी आलो. कप रिकामा.
बाष्पीभवनानं एवढा चहा उडत नाही. उडाला तरी तळाशी डाग राहतो. कप धुऊन पालथा घातलेला होता.

२४ डिसेंबर, मंगळवार
दाढेचं कारण सांगून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आश्रुबा सरांना म्हणालो, घरापर्यंत चला, चहा घेऊ. ते म्हणाले, तास आहे. एकटाच आलो.
अंगणातूनच दिसलं. दादांच्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं. डोक्याला टॉवेल. डोळ्यांपुढं दादांचा चष्मा.
मी ओरडलो. उंबऱ्याला अडखळून आत पडलो.
आई होती. थंडीमुळं तिनं डोकं बांधलं होतं. मांडीवर सूप, सुपात तुरीची डाळ. माझ्या ओरडण्यानं निम्मी डाळ जमिनीवर. चष्मा तिनं दोन्ही हातांत धरला होता. दोन्ही काचांवर दोन अंगठे.
"काय झालं रं? लागलं का?" ती भलतीकडंच बघत विचारत होती.
मी म्हणालो, आई, तू काय करायलीस?
"डाळ निवडायलेय. वरणात खडे राहायलेत, तुज्या दाढंला लागायलेत. सुनबाई काय बोलत न्हाई, पर मला कळतंय की. ह्यांच्या चष्म्यानं जरा तरी दिसतंय."
मग सांगितलं का नाहीस?
"सांगितलं की. दोनदा. तू भिंग लावून बसला व्हतास. म्हणलं, लय बारीक काम करायलाय, कशाला मदी बोलावं."
त्या दिवशी मला आवं का म्हणालीस, ते विचारलं.
"खिडकीत हुबा राहिलास की नुसती सावली दिसती. ठेवण त्यांचीच हाय तुजी. येडं मन, दुसरं काय."
आणि चहा?
ती हसली. "माज्यासाठीच ठिवला व्हतास न्हवं? लय बरं वाटलं बघ."
मी हो म्हणालो.
दादांच्या ठशाचंही विचारून टाकलं. ती म्हणाली, चष्मा तर तिनं दादा गेल्यावर, पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशीच धुऊन पुसून ठेवला होता.
जमिनीवरची डाळ दोघांनी मिळून वेचली. तिच्या बोटांना लागत होती तेवढीच ती उचलत होती. एवढे महिने एका घरात राहून मी हे पाहिलं नव्हतं.

२८ डिसेंबर, शनिवार
आईला घेऊन परभणीला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा पार पिकलाय. डॉक्टर म्हणाले, एवढे दिवस घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का? मी म्हणालो, गावाकडचे लोक दुर्लक्ष करतात हो.
येताना जीपमध्ये आईचा हात धरून बसलो. रस्ता खराब आहे म्हणून.

३१ डिसेंबर, मंगळवार
शेवटचा दिवस. फोटोला नाव दिलेलं होतं, "वडिलांचा स्पर्श". ते खोडलं. दुसरं नाव सुचलं नाही. फोटो पाठवला नाही. नेट स्लो होतं.

९ जानेवारी, गुरुवार
काल डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आज पट्टी काढली. घरी येऊन आईनं आधी छताकडं पाहिलं आणि सुकेशनीला कोळिष्टकं दाखवली. मग मला समोर बसवलं. हनुवटी धरून तोंड इकडं वळवलं, तिकडं वळवलं.
मग म्हणाली, "केस कधी पिकले रं तुजे?"
मी म्हणालो, ते उजेडामुळं तसं दिसतं.
"न्हाई," आई म्हणाली, "उजेड चांगला हाय."