आईचं वजन, दर रविवारी

२ फेब्रु., रवि. डिंगोरे
आई ७१.४. चार आठवड्यांत पाच किलो उतरले. डॉक्टरांनी आठवड्याला अर्धा सांगितला होता. काट्यावर दोन किलोचं माप ठेवून पाहिलं. काटा बरोबर आहे. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपून दीड वर्ष झालं. हे आहारानं आणि चालण्यानं उतरतंय, की... पुढचं लिहीत नाही.

५ फेब्रु., बुध.
आई रोज कॅनॉलपर्यंत चालते, हातात विळा घेऊन. "रिकामी निघाले की लोक इचारत्यात, कुटं चाललीस."
शेजारच्या सुमनकाकूंनी मला गाठलं. "लई वाळली गं तुझी आई. परत काय निघालं का?" नाही म्हटलं. जुन्नरच्या लॅबमध्ये कामावर आज माझ्या दोन नोंदी चुकल्या.

८ फेब्रु., शनि.
अर्धी सुट्टी. गोठ्यात गेले तर गाईच्या गव्हाणीत दोन भाकरी. आईच्या, मी सकाळी मोजून ठेवलेल्या. विचारलं. तिनं भाकरी गाईपुढे सारल्या. मग, "तूच म्हणालीस ना एसटीत, वजन कमी कर, हे पोरीत उतरतं."
म्हणाले होते. पुण्याहून येताना, आळेफाट्याच्या अलीकडे. डॉक्टर दोन वेगळ्या गोष्टी बोलल्या होत्या. वजन उतरलं तर आईचा धोका कमी. आणि तिच्या जनुकातला दोष माझ्यात असण्याची शक्यता निम्मी. गाडीच्या आवाजात मी दोन्ही एका वाक्यात उरकल्या.

९ फेब्रु., रवि.
आई ७०.१.
समजावलं. माझ्यात असेल तर जन्मापासून आहे, तू उपाशी राहून बदलणार नाही.
"मंग तू तपासलं का?"
तपासणीचा फॉर्म महिनाभर पर्समध्ये आहे. मी काटा आत ठेवायला उचलला. तिला कळलं.
"रोज लोकांचं रगत काढती, सोताचं न्हाई. तू दे, मंग मी जेवते."

११ फेब्रु., मंगळ.
रक्त दिलं. ट्यूबवर नाव मीच लिहिलं, नेहमीपेक्षा सुवाच्य. रिपोर्टला तीन आठवडे. डॉक्टरांना फोन केला. कारण कळलं तरी आईला दाखवायला आणा, म्हणाल्या. २० तारखेला. हे तिला अजून...
संध्याकाळी ती माझ्यासमोर बसून दोन भाकरी जेवली. मला एकच गेली.

१६ फेब्रु., रवि.
आई ७०.३. दोनशे ग्रॅम. यावरून काहीच सिद्ध होत नाही. तरी दोनदा काट्यावर उभं केलं.
ती चालायला निघाली तेव्हा मीही चपला घातल्या. माझ्या मोकळ्या हातांकडे पाहून ती आत गेली, खुरपं घेऊन आली.
"धर. दोघी रिकाम्या दिसलो तर सुमनला काय सांगू?"
कॅनॉलपर्यंत गेलो. धाप मला लागली.