कणकेचा आटा आणि तुझा मॅग्नेट

गोरेगाव,
दसऱ्याचा दुसरा दिवस, १९८४

चि. लवू यास,

आपली मोटारसायकल विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवून रोज ‘उद्या या’ ऐकणाऱ्या तमाम बंधूंनो! (माफ कर. लेखणी हातात घेतली तरी मला समोर मांडव दिसतो.) अनेक आशीर्वाद. चिपळूणची हवा मानवली का? अनुपमाचा खोकला थांबला का? मामींचा गुडघा काय म्हणतो? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. सगळे म्हणजे माणसं. तुझी मोटारसायकल खुशाल नाही.

दिवाळीआधीच्या शनिवारी तू ती न्यायला येणार आहेस, अनुपमाला मागे बसवून मुलुंडला पहिल्या दिवाळसणाला जाणार आहेस, आणि सासऱ्यांना ‘गाडीवरूनच येतो’ असं कळवूनही बसला आहेस, हे सगळं मला ठाऊक आहे. म्हणून तर मान खाली घालून लिहितोय.

सुरुवात गणपतीत झाली. सोसायटीच्या मांडवात माझं भाषण होतं, विषय ‘स्वावलंबन’. ऐन रंगात आलो तेव्हा मी समोरच्या शिवदासच्या गॅरेजकडे बोट दाखवून म्हणालो, की ही लुटीची दुकानं आहेत, ज्याची गाडी त्याने स्वतः उघडावी. टाळ्यांनी मांडव हलला. (शिवदास पहिल्या रांगेत होता. मांडवाच्या रोषणाईचा खर्च त्याने दिला होता, हे मला नंतर कळलं.) भाषण संपल्यावर तो स्वतः येऊन म्हणाला, “झकास बोललात, भाऊराव.” दुसऱ्या दिवशी टाळ्या वाजवणारे सगळे आपापल्या गाड्या घेऊन त्याच्याकडेच गेले. मागे उरलो मी, माझं तत्त्व आणि चिपळूणला जाताना तू माझ्या भरवशावर जिन्याखाली ठेवलेली तुझी गाडी. तिची ठिणगी त्याच आठवड्यात गेली, ती सुरूच होईना.

पुस्तकात वाचलं, की ठिणगीचे पॉइंट मॅग्नेटच्या आत असतात. मॅग्नेट म्हणजे इंजिनाच्या बगलेला बसवलेली जड लोखंडी तबकडी. ती हाताने निघत नाही. तिच्या मधल्या भोकात आटे असतात, त्यात पुलर नावाचं हत्यार फिरवत न्यायचं, मग ती सुटते. हे एवढंसं हत्यार! कंपनीच्या दुकानात गेलो तर ते सुटं देत नाहीत, पूर्ण पेटीच घ्यायची. किंमत ऐकून मी तिथेच भांडवलशाहीवर चार शब्द बोललो. दुकानदाराने मला पंख्याखालून बाजूला व्हायला सांगितलं, गिऱ्हाइकांना वारा लागत नव्हता. जुन्या बाजारात एक पुलर स्वस्तात मिळाला, तो मी छातीशी धरून घरी आणला. तो बसच्या चाकाचा निघाला. (तुझी प्रेमावहिनी त्याने आता नारळ फोडते.)

शेवटी साकीनाक्याला दशरथ नावाचा एक लेथवाला भेटला. “नमुना आणा, बनवून देतो,” म्हणाला. आता नमुना म्हणजे मॅग्नेट, आणि मॅग्नेट काढायलाच तर पुलर हवा! इथे माझी बुद्धी चालली. प्रेमा पोळ्यांची कणीक मळत होती. त्यातला एक गोळा मी मॅग्नेटच्या भोकात दाबून भरला, सुकू दिला आणि हळूच फिरवून बाहेर काढला. लवू, काय सुरेख आटे उमटले होते! रुमालात गुंडाळून, ऑक्टोबरच्या उकाड्यात, दोन बसेस बदलून मी तो साकीनाक्याला नेला. दशरथने उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, “तूप वेगळं आणलंय का साहेब?” मग म्हणाला, हे फुगलंय, याचं माप धरता येणार नाही. मी त्याला मानवी इतिहासातल्या साध्या साधनांवर बरंच काही ऐकवलं. त्याची जेवणाची सुट्टी संपत आली तेव्हा त्याने कणकेबरहुकूम पुलर कातून दिला. पटलं म्हणून नव्हे, मी जावं म्हणून.

पुलर दोन फेरे बसला, तिसऱ्याला अडला. अडलं की जोर लावायचा, हे मी आयुष्यभर व्यासपीठावर केलं आहे. इथेही तेच केलं. आतले आटे कापले गेले आणि पुलर तिरका होऊन रुतला. पुढेही जाईना, मागेही येईना.

त्यात खंडेनवमी आली. सासूबाई नवरात्रासाठी इथेच होत्या. त्यांनी नि प्रेमाने पाने, हातोडी, इंजिन, रुतलेला पुलर, सगळ्यांना हळदकुंकू लावून झेंडूचे हार घातले. सासूबाई म्हणाल्या, “जावयानू, आज हत्याराक हात लावू नकात.” मी अंधश्रद्धेविरुद्ध गावोगाव बोलणारा माणूस. तत्त्वाचा प्रश्न होता. हारातून हातोडी उचलली आणि पुलरवर एकच घाव घातला. तुझा मॅग्नेट तडकला. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, “गे प्रेमा, नारळ फुटलो काय बघ.”

तेव्हापासून घरात माझ्या बुद्धिवादाचीही वाट लागली आहे. आणि रोज सकाळी मी फाटकातून बाहेर पडलो की शिवदास अगदी आदराने विचारतो, “काय भाऊराव, कसं चाललंय स्वावलंबन?” मी ‘उत्तम’ म्हणतो. लवू, असं खोटं मी कुठल्याही व्यासपीठावर बोललो नाही.

तुझा शरमिंदा आतेभाऊ,
भाऊराव

ता. क. : शनिवारी येशील तेव्हा गाडी तूच शिवदासकडे ने आणि तूच उघडली होतीस असं सांग. तुला चिपळूणला जायचंय, मला त्याच्या समोर राहायचंय.

दुसरा ता. क. : पाकीट चिकटवायच्या आधी प्रेमाने वरचं वाचलं. सरळ गॅलरीत गेली आणि रस्त्यापलीकडे ओरडली, “शिवदासभाऊ, ह्यांनी लवूभावजींच्या गाडीचा मॅग्नेट फोडला हो!” सगळ्या खिडक्या उघडल्या. शिवदास वर आला, चहा प्यायला, पाडव्याआधी गाडी धावेल असं म्हणाला. दुसरा मॅग्नेट आहे त्याच्याकडे. अट एकच. शनिवारी संध्याकाळी, सोसायटी फाटकाशी जमते त्या वेळी, गाडी मी स्वतः ढकलत रस्त्यापलीकडे न्यायची, आणि तिथे पोचेपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही. हाताखाली एक माणूस घ्यायची मुभा मागितली, ती मिळाली. तेव्हा शनिवारी सहाला फाटकापाशी ये, मागचं सीट धर आणि ढकल. मी बोलायला लागलो, तर जोरात ढकल.