अंजीची मांजर, हुबेहूब

६ जानेवारी २०२५, सोमवार. सकाळी.
खताच्या दुकानाची नवी डायरी आली. माझा ल्योक दादाभाऊ म्हणाला, आई, ह्यात दुधाचं लिहीत जा. दुधाचं डेअरीवाला लिहितोच की. मी माझं लिहिणार. चौथीपर्यंत शिकलेय, अक्षर गोल हाय.

साय पुन्हा गेली. फडताळातली. शेजारच्या अंजीच्या मांजरीनं खाल्ली, दुसरं कोण खाणार? पांढरी मेली, डाव्या डोळ्यावर काळा डाग, उजव्या कानाचा शेंडा फाटका. चालती बी अंजीसारखी, सगळं गाव बापाचं असल्यागत.

माझी सून वैजयंती म्हणाली, आत्याबाई, मांजर चमच्यानं खाती का हो? चमचा पडला व्हता तिथं, एवढंच. चमचा काय, कुठंबी पडतो. मंचरच्या डॉक्टरनं मला तूप-साय बंद केलीय, ते हिनं पाढ्यासारखं पाठ केलंय. फडताळाची चावी काढून घेतली माझ्याकडनं आणि सोताच्या कमरेला खोचली. सासूच्या जितेपणी! माझ्या सासूनं मला मरताना दिली व्हती. तवर मी कधी मागितली बी न्हाई.

साय मी खाल्ली न्हाई. बोटभर चाखली, खवट झाली का बघायला. ते तर मी रोजच बघते.

७ जानेवारी, मंगळवार.
अंजीच्या दारात जाऊन भांडले. लई बरं वाटलं, गुडघं बी मोकळं झालं. अंजी म्हणती कशी, लंके, गावात पांढरी मांजरं काय कमी हायेत, माझीच कशावरनं? आणि माझं कुठलं मांजर, मी पाळलंच न्हाई. हे म्हणती तवा ती सटवी हिच्याच पडवीत पोत्यावर लोळत व्हती!

तडक तंटामुक्तीचा अध्यक्ष चांगदेव ह्याच्याकडं गेले. तो म्हणाला, काकू, सव्वीस तारखेच्या ग्रामसभेत घेऊ, पर पुरावा आणा. म्हणलं, फोटो आणते. तर हा पिसाळलाच. मागं कुणीतरी मोबाईलमधी खोटा व्हिडिओ करून ह्याला घागरा घालून नाचवला व्हता, तवापासून फोटो म्हणलं की अंगावर येतो. म्हणाला, मोबाईलमधलं सगळं खोटं असतंय, दुसरं काहीतरी आणा.

वैजयंती म्हणाली, अंजनाकाकूंनी चारचौघांत म्हणू द्या की ती मांजर माझी, मग लगेच चावी तुमच्या हातात देते. ठरलं. मी हातानं चित्र काढणार. हुबेहूब. हातानं काढलेल्याला खोटं कोण म्हणल? रांगोळीत माझा हात धरणारी अख्ख्या महाळुंग्यात न्हाई. मांजर म्हंजे काय, चार पाय आणि एक शेपूट.

९ जानेवारी, गुरुवार. दुपारी.
दादाभाऊ टोमॅटो घेऊन नारायणगावला गेला व्हता, येताना पेन्सिली आणि जाड कागदाची वही आणली. पेन्सिलीत बी जाती असत्यात, काळी, लई काळी आणि उगीच काळी.

वैजयंतीच्या मोबाईलवर एक बाप्या मांजर काढाय शिकवतो. दोस्तों, पहले एक अंडा बनाओ, म्हणतो. म्हणलं, मांजर हाय बाबा, कोंबडी न्हाई. ऐकतोय कुठं. अंड्यावर अंडं ठेवलं. मग सर्रकन मांजर! मधलं कायबी दाखवलं न्हाई मुडद्यानं. लबाड हाय. बंद केला.

मी माझ्या रीतीनं. आधी ठिपके दिले, मग जोडत गेले. पहिलंच चित्र आणि काय झालंय म्हणून सांगू! दादाभाऊ म्हणाला, आई, कासव झ्याक. तो बारीकपणापासून वाकडाच बोलतो.

११ जानेवारी, शनवार.
रीतसर शिकायचं तर मांजर समोर बसाय पायजे. अंजीची मांजर कुंपणावर आली तवा म्हणलं, ये सटवे. आली. वाटीत दूध ठेवलं. पिऊन झाल्याबरोबर गेली. शेपूट तेवढी काढून झाली.

हे दूध मी लाडानं घातलं न्हाई. कामाचं हाय. माती लागती म्हणून कुंभार मातीवर जीव लावतो का?

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.
बाया हळदीकुंकवाला आल्या. अंजी बी आली, नव्या लुगड्यात, ठुमकत. मी तिळगूळ दिला, पर गोड बोल म्हणाले न्हाई. तोंड मिटून दिला. तिनं बी मिटूनच खाल्ला. जाताना म्हणती, लंके, यंदा पाक कच्चा राहिला वाटतं. कैदाशीण.

चित्राचं जोरात. दुधानं मांजर बसत न्हाई, सायीनं बसती. चावी वैजयंतीकडं, म्हणून माझ्या वाट्याच्या दुधाची साय काढून ठेवते. डॉक्टरचं ऐकलंच पायजे. मी खात न्हाई, सटवी खाती, चित्र व्हतं. एका दगडात किती कामं.

१७ जानेवारी, शुक्रवार.
एक अडचण आली. मांजरीचा एक कान फाटका, एक धड. एका डोळ्यावर डाग, दुसऱ्यावर न्हाई. काढलं तसं, पर माझ्यानं बघवेना. रांगोळीत डाव्या अंगाला जे काढायचं ते उजव्या अंगाला यायलाच पायजे. न्हाईतर बाया म्हणत्यात, हिचा हात थकला. सकाळी उठून बघितलं तर हातानं आपसूक दुसरा बी कान फाडला व्हता आणि दुसऱ्या बी डोळ्यावर डाग दिला व्हता. आता कसं जोडीला जोड!

वैजयंती म्हणाली, आत्याबाई, खऱ्या मांजरीला एकच डाग हाय ना? म्हणलं, तुला चित्रातलं काय कळतं.

२० जानेवारी, सोमवार.
सटवी आता हाक मारायच्या आधी येती. मांडीवर बसती. लांबनं मिशा मोजता येत न्हाईत, म्हणून बसवून घेते. दुश्मन जवळ असला की नीट दिसतो. झोपली की घर्र घर्र करती, गिरणीसारखी. थंडीत मांडी गरम राहती. गुडघ्याला बरं, तेवढ्यापुरतंच.

आज अंजी कुंपणापलीकडनं हाक मारत व्हती, कपाळे, ये, ये. पाळली न्हाई म्हणती आणि नाव ठेवलंय! सटवीनं कान बी हलवला न्हाई. मला इतका आनंद झाला की पेन्सिलीचं टोकच मोडलं.

२४ जानेवारी, शुक्रवार.
चित्र पुरं झालं! अंग रिकामं रिकामं वाटत व्हतं, तर ठिपके भरले. गोल ठिपके, मधी बारका ठिपका, अंगभर, शेपटीवर बी. रांगोळीतल्या ज्ञानकमळासारखं भरगच्च दिसतंय. डोळ्यात तर असा राग उतरलाय की मीच दचकले. मिशा अकरा. दादाभाऊ लई वेळ बघत राहिला, मग म्हणाला, आई, हे सभेत नको नेऊ. भारावला असंल.

२६ जानेवारी, रविवार.
आजच्यासारखा दिवस जल्मात आला न्हाई.

झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटल्या, मग ग्रामसभा. माझा नंबर आला. पदराखालनं चित्र काढलं आणि उलगडलं. चांगदेवच्या तोंडचा रंगच उडाला. काकू, म्हणाला, हा तुम्ही डोळ्यांनी बघितला? म्हणलं, रोज बघते. कुठं? म्हणलं, हा चोर अंजीच्या उसातनं येतो, माझ्या परसातनं घरात शिरतो, पोट भरलं की हिच्याच पडवीत जाऊन झोपतो. अंजी किंचाळली आणि मटकन खाली बसली. पाप असं बाहेर पडतं!

मग जी गडबड उडाली! मागची माणसं पुढं, बाया पोरांना कडेवर घेऊन भराभरा घराकडं. सगळ्यांनी माझ्या चित्राचे मोबाईलवर फोटो काढले. फोटोवर राग असलेल्या चांगदेवनं बी काढला! मोठमोठ्या माणसांना फोन लावला.

चावीचं तेवढं राहिलं. अंजी बोलायच्या स्थितीत नव्हती.

२७ जानेवारी, सोमवार.
चित्र नारायणगावपर्यंत पोचलं म्हणं. दादाभाऊनं मोबाईल दाखवला. माझं चित्र आणि खाली लाल अक्षरात, सावधान, महाळुंग्यात बिबट्या, घरात घुसतो.

बिबट्या! डोळं फुटलेत का गावाचे? मिशा मोजून काढल्यात मी!

म्हणलं चांगदेवला सांगून येते, तर चांगदेव उंबऱ्यावरनंच वरडला, काकू, एकट्या फिरू नका, आत व्हा.

२९ जानेवारी, बुधवार.
वनखात्याचा माणूस आला, अरफात नावाचा, जुन्नरचा. गुणी पोरगा. मोटारसायकल लांब लावून, चपला काढून आत आला. आजी, केवढा व्हता हो? म्हणलं, एवढा, आणि मांडीवरची सटवी दाखवली. तो सटवीकडं बघतोय, मग चित्राकडं, मग माझ्याकडं. म्हणाला, आजी, हे ठिपके कशाला? म्हणलं, रिकामं अंग कोण सोडतं का? आमच्यात रांगोळी अशीच भरत्यात. तो पाणी पिताना ठसकला. लई ठसकला.

मग म्हणाला, आजी, तुमचं चित्र मला कळलं, पर तुमच्या शेजारच्या उसाच्या कडेला ठसे खरेच मोठे हायेत. पिंजरा लावावाच लागंल. संध्याकाळी पिंजरा आला, अंजीच्या उसापाशी, आत एक कोंबडी. अंजीनं दोन्ही दारं लावून घेतली. बघून जेवण गोड लागलं.

१ फेब्रुवारी, शनवार. पहाटेपासनं.
पिंजऱ्याचं दार पडलं! धाडकन आवाज आला. सगळं गाव काठ्या, डबे, फटाके घेऊन धावलं. मी बी गेले, पुढं न्हाई, पर गेले. आत कोंबडी एका कोपऱ्यात, आणि दुसऱ्या कोपऱ्यात सटवी, गोल गुंडाळून गाढ झोपलेली.

चांगदेव तापला. बोला, मांजर कुणाची? मी म्हणलं, अंजीची. अंजी म्हणाली, माझी न्हाई, नव्हती, पाळली असंल तर जीभ झडंल. लंकीचीच हाय, लंकीनंच सायीवर पोसलीय, सगळ्या आळीनं बघितलंय. अरफात म्हणाला, भांडू नका, मी दार उघडतो. ती जाईल तिकडची.

न्याय म्हंजे न्याय. मी तयार झाले. सटवी बाहेर आली, आळस दिला, अंजीकडं बघितलं. माझ्या मनात उकळ्या फुटाय लागल्या, जा, जा बये! ती वळली, आमच्या कुंपणावरनं उडी मारली, वटा चढली आणि माझ्या गोधडीवर जाऊन बसली, रिकाम्या वाटीशेजारी. माझ्याकडं बघून वरडली बी.

लोकं हसली. चांगदेवनं लिहून घेतलं, मांजर लंकाबाईची, त्यांनी ती आवरावी. वैजयंतीनं चावी दोन गाठी मारून बांधली. म्हणाली, आत्याबाई, आता तर चोर बी आपलाच.

सटवीला आज कायबी घातलं न्हाई. थोडीशी साय तेवढी.

४ फेब्रुवारी, मंगळवार.
अरफात आला व्हता. दुसऱ्याच्या शिवारात ठसे गेले, पिंजरा हलवला. म्हणाला, आजी, शाळेच्या भिंतीवर बिबट्यापासून सावध राहा म्हणून फलक लावायचाय, चित्र तुम्हीच काढा. त्याला माझ्या हाताची किंमत कळली. म्हणलं, काढते, पर बिबट्या कुठं बघू? म्हणाला, बिबट्या आणि मांजर एकाच भावकीतले.

आता चूक व्हणार न्हाई. ठिपक्यांनी मागल्या टायमाला घात केला, म्हणून ह्या बिबट्याला एकबी ठिपका देणार न्हाई. जोडीला जोड बी न्हाई, गावाला ते कळत न्हाई. सटवीला समोर बसवली आणि जसं दिसलं तसं काढलं, फकस्त बिबट्या मनात धरून. अंडं आधी काढलं. त्या बाप्याचं थोडं खरं व्हतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
फलक लागला. बघाय मी आणि वैजयंती गेलो. पोरं, बाया, चांगदेव, सगळे जमलेले. आणि अंजी बी, पार पुढं, मान वाकडी करून. मग डोळ्याला पदर लावला. म्हणाली, आगं बाई, ही तर माझी कपाळी! तोच कान, तोच डाग, अगदी हुबेहूब. माझीच हाय ही, लंके, दोन वरसं पोत्यावर निजत व्हती माझ्या.

चारचौघांत म्हणाली. चांगदेवच्या देखत. वैजयंतीनं माझ्याकडं बघितलं, कमरेला हात घातला आणि चावीच्या गाठी सोडाय लागली.

म्हणलं, अंजे, डोळं तपासून घे. बिबट्या हाय तो.

वैजयंतीनं गाठी परत मारल्या. घरी आले तर सटवी माझ्याच जागेवर निजलेली. उठवली न्हाई.