कावळ्याला दिलेला शब्द

अण्णा, परवा मी जर्मनीला जाऊन आलो. तुम्ही गेलात तेव्हा माझा पासपोर्टही निघालेला नव्हता, त्यामुळे थोडे मागचे सांगणे भाग आहे. लग्नानंतर आम्ही बरीच वर्षे ड्युसेलडॉर्फला होतो. तुमची नात तिथेच जन्मली. पुढे मला इकडे नेदरलँड्समध्ये, फेल्डहोवनला नोकरी मिळाली आणि आम्ही सीमा ओलांडून या सपाट, नीटनेटक्या गावात आलो. तुमची सून गेल्या हिवाळ्यात करोनाने गेली. तिची थोरली बहीण अजून ड्युसेलडॉर्फलाच असते. दहावा झाल्यावर ती आमच्या मुलीला आपल्याबरोबर घेऊन गेली. शाळा बंद आहेत तोवर, असे ठरले होते. शाळा उघडल्या, मुलगी आली नाही. ‘हे वर्ष ऑनलाइनच होऊ दे’ असे मेहुणीने इथल्या शाळेला परस्पर पटवले, आणि गेल्या महिन्यात तिने तिकडच्या शाळेत प्रवेश मिळाल्याचे मला फोनवर सांगितले. मी मुलीला परत आणायला गेलो होतो.

दहाव्याचा विधी आमच्या मागच्या अंगणात झाला. मी, मुलगी, मेहुणी, साडू एवढीच माणसे, आणि पुण्याचे गुरुजी फोनच्या पडद्यावर. भाताचा पिंड केळीच्या पानाऐवजी कागदी ताटलीत ठेवून ती कुंपणालगतच्या बाकावर मांडली. शेजारच्या उघड्याबोडक्या झाडावर कावळे बसलेले होते, पण एकही खाली उतरेना. गुरुजी म्हणाले, ‘गेलेल्या बाईंच्या मनात काहीतरी राहिलंय. पुरं करू म्हणून शब्द द्या.’ माझा या गोष्टींवर विश्वास नाही. तरीही मी हात जोडले आणि म्हणालो, तुझ्या आईवडिलांची औषधे वेळेवर पोहोचतील, त्यांना काही कमी पडणार नाही. कावळे जागचे हलले नाहीत. साडूंनी काहीतरी सांगितले, तेही वाया गेले. मग मेहुणी पुढे झाली आणि म्हणाली, ‘पोरीला मी माझ्याजवळ ठेवीन गं. पोटच्या पोरीसारखी वाढवीन.’ तिचे हात अजून जोडलेलेच होते, तेवढ्यात एक कावळा बाकावर उतरला आणि त्याने पिंडाला चोच मारली. माझ्या मुलीने ते पाहिले. तिच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती पाहून मी त्या वेळी एक अक्षर बोललो नाही.

तुम्हाला आपला सांगलीचा घाट आठवत असेल. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पिंड ठेवून सगळे मागे सरकले होते, ऊन चढत होते आणि कावळा शिवत नव्हता. मामा तुमच्या कानाशी येऊन म्हणत होते, ‘दाजी, बोला की! पोराला आजोळी धाडतो म्हणा. तिचा जीव पोरात अडकलाय.’ तुम्ही पिंडाकडे पाहत उभे. मामांचा आवाज चढला, ‘अहो, एवढं म्हणायला तुमचं काय जातंय?’ तुम्ही तरीही उभेच. अखेर भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि माणसे कुजबुजत घाट चढून गेली. बायकोसाठी ज्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही असा माणूस, ही तुमची ओळख आजोळी पुढे कित्येक वर्षे टिकली. मोठेपणी मला मात्र त्या गप्प राहण्याचा अभिमान वाटत आला. पोर ही सौद्यात घालण्याची वस्तू नव्हे, असे तुम्ही न बोलता सांगितलेत, हे मी मित्रांना अनेकदा ऐकवले आहे. एक गोष्ट मात्र कधी कुणाला ऐकवली नाही. त्या दिवशी मला मामांबरोबर जायचे होते. त्यांच्या घरात माणसे होती, भांडणे होती, जेवताना पंगत बसत होती. तुम्ही मला विचारले नाहीत.

पुढचे दिवस वाईट गेले असे मी म्हणणार नाही. शाळा सुटली की मी तुमच्या पाटबंधारे खात्याच्या कचेरीत येत असे. तुम्ही उंच स्टुलावर बसून कालव्यांचे नकाशे आखत आहात आणि मी खाली बसून वाया गेलेल्या ट्रेसिंग पेपरवर आगगाड्या काढतो आहे, असे ते चित्र अजून दिसते. दहाव्या वाढदिवशी तुम्ही मला तुमच्या वापरातली जर्मन बनावटीची कंपासपेटी दिलीत, आणि दिल्यावर ‘हरवू नकोस’ याखेरीज काहीही बोलला नाहीत. संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्ही भाकरी थापायचात आणि मी पिठले ढवळायचो. एकदा ते करपले, वासाने मला आईची आठवण आली आणि मी तिथेच हुंदके देऊ लागलो. तुम्ही म्हणालात, ‘रडायचंय तर आधी स्टोव्ह बंद कर.’ आणि मी स्टोव्ह बंद केल्यावर, मी पुरेसा रडेपर्यंत तुम्ही भाकरीचे पीठ हातात धरून थांबलात. त्यानंतर केव्हा तरी मामांच्या घराची ओढ संपली. केव्हा ते मला सांगता येणार नाही.

ड्युसेलडॉर्फला पोहोचलो तेव्हा थेट मेहुणीकडे जाण्याचे धैर्य झाले नाही. प्रथम जुन्या मित्राकडे गेलो. हा नागपूरचा; आम्ही एकाच कचेरीत होतो. त्याने दारातच हात पुढे करून मला अडवले. ‘थांब रे बावा, टेस्ट दाखव आधी! तुमच्या हॉलंडात मास्कबिस्क सोडून नाचून राहिले म्हणे लोकं.’ मी फोनवरचा चाचणीचा निकाल गंभीरपणे त्याच्यापुढे धरला. तो हसला. ‘अबे, गंमत केली. तू अजून तसाच आहेस.’ बाल्कनीत दोन टोकांना दोन खुर्च्या टाकून आम्ही चहा घेतला. येण्याचे कारण सांगितल्यावर त्याचे हसू मावळले. ‘भाषण देऊ नको तिथं,’ तो म्हणाला. ‘तू बोलायला लागला की ऑफिसची नोटीस वाचल्यासारखं वाटते. ते काही वाईट लोकं नाहीत.’ मी म्हणालो, ते वाईट नाहीत हीच माझी अडचण आहे.

मेहुणीने सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून ताटे मांडली होती. मुलगी माझ्यासमोर बसली होती, मावशीच्या हातची मऊ पोळी खात होती आणि पहिल्यापेक्षा भरलेली दिसत होती. जेवणभर रस्त्यावरची रहदारी, लशीचा दुसरा डोस, पाऊस एवढेच बोलणे झाले. मग मुलीला आत पाठवून मेहुणी म्हणाली, ‘तुम्ही कशासाठी आलात ते मला कळतंय. पण शब्द मी दिलाय.’

‘तो कावळा योगायोगाने आला,’ मी म्हणालो.

‘असेल. मग तुम्ही बोललात तेव्हा का नाही झाला योगायोग?’

साडू हळूच म्हणाले, ‘अगं, असं नको बोलूस.’

‘का नको? पोरीचं एक नाव काढलं नाही यांनी! आईवडिलांची औषधं म्हणे.’ ती थांबली नाही. ‘हॉस्पिटलात मला येऊ दिलं नाही. शेवटचं तोंडसुद्धा काचेतून बघितलं मी. तिला द्यायला माझ्याकडे एवढा एकच शब्द होता, आणि तो तिनं घेतला. आता तो मोडू म्हणता?’

मी सोबत नेलेले सगळे मुद्दे तयार होते. बाप म्हणून माझा हक्क, इथली शाळा, मुलीच्या मैत्रिणी. ते सगळे बाजूला राहिले. मी उभा राहिलो आणि माझ्याच आवाजाचे मला नवल वाटले. ‘शब्द तुम्ही दिलात, तिच्या आईने घेतला, मी ऐकला. ज्या मुलीविषयी तो होता, तिला आपल्यापैकी कुणी विचारलेच नाही. मी विचारतो. ती म्हणेल ते तुम्हालाही मान्य करावे लागेल.’ मेहुणीने होकारार्थी मान हलवली. तिलाही भीती वाटत होती, हे मला तेव्हा दिसले.

मुलीला घेऊन मी ऱ्हाइनच्या काठावर गेलो. ती बारा वर्षांची आहे. माझे मराठी तिला समजते, उत्तर ती डचमध्ये देते. तुमच्यासाठी मराठीत लिहितो. मी तिला सरळ विचारले की तुला माझ्याबरोबर घरी यायचे आहे की इथे राहायचे आहे, आणि तू जे सांगशील त्याने मी रागावणार नाही. ती कठड्यावर नखाने रेघा ओढत राहिली. एक लांबलचक मालवाहू बोट रॉटरडॅमच्या दिशेने निघून गेली, तेव्हा तिने विचारले,

‘आईचा कोट अजून दारामागे आहे?’

‘आहे.’

‘चप्पल? चष्मा?’

‘मी काहीही हलवलेले नाही,’ मी म्हणालो. ते तिला आवडेल असे मला वाटले होते.

‘मग नाही येत,’ ती म्हणाली. ‘इथे मी रात्री झोपते, बाबा. तिकडे मला वाटायचं ती अंघोळीला गेलीय आणि आता बाहेर येईल.’ मग घाईघाईने, ‘सुट्टीत येईन. तुम्ही पण या ना दर शनिवारी. मावशी काही खात नाही तुम्हाला.’ ती हसायचा प्रयत्न करत होती. मी म्हणालो की ठीक आहे, शनिवारी येत जाईन. निघताना मेहुणीने डबा दिला, तेव्हा तिचे डोळे वाहत होते. तीही जिंकल्यासारखी दिसत नव्हती.

सीमेवर आता कुणी थांबवत नाही. देशाच्या नावाची निळी पाटी मागे पडते आणि आपण नेदरलँड्समध्ये असतो. घरी येऊन मी दारामागचा कोट काढून पलंगावर ठेवला. पुढे काय करायचे ते न सुचून तो पुन्हा खुंटीला अडकवला. मित्राचा फोन आला. तो म्हणाला, ‘पोरीला विचारलंस, मोठं काम केलंस यार.’ ऑफिसातल्या एकदोघांनीही तसेच म्हटले. मी त्यांचे म्हणणे खोडून काढलेले नाही. तुमच्यापाशी मात्र ते तसेच राहू देणे मला योग्य वाटत नाही, म्हणून हा कागद घेतला. लिहून झाला की फाडून टाकणार आहे. अण्णा, ती ‘येते’ म्हणेल याची मला पुरती खात्री होती. ती खात्री नसती, तर मी विचारले नसते.