समोरचा पडदा

प्रिय मेव्हिसताई,

आधी तुझा गुडघा कसा आहे ते कळव, मग माझं वाच.

माझं ठीक चाललंय. समुद्र जागच्या जागी आहे. गावातली घरं आणखी महाग झालीत आणि हिवाळ्यात त्यांत माणूस दिसत नाही.

समोरच्या पेनफोल्डबाई वारल्या, हे कळवलं होतं ना? आमचा दोघींचा नेम तुला ठाऊक आहे. सकाळी उठलं की पडदा उघडायचा. एकीचा उघडला नाही, तर दुसरीने जाऊन दार वाजवायचं. आता ते घर लंडनच्या लोकांनी घेतलंय. पडदा रोज वेळेवर उघडायचा, म्हणून मीही रोज हात करायची. वाटलं, माणसं लाजरी आहेत, पण शिस्तीची.

गेल्या आठवड्यात न्हाणीघरात जरा घसरले. घाबरू नकोस, नुसता मुका मार आहे. दुपारपर्यंत तिथेच पडून होते. माझा पडदा बंद बघून समोरचं कोणी येईल, म्हणून दाराकडे कान लावला होता. शेवटी कशीबशी उठले.

काल त्यांच्या माळ्याला म्हटलं, "तुझे मालक पडदा उघडतात, पण शेजाऱ्याकडे ढुंकून बघत नाहीत!"

तो हसला. "अहो आजी, ते उन्हाळ्यातच येतात. पडदा यंत्रावर आहे, आपोआप उघडतो. चोरांना घर रिकामं वाटू नये म्हणून."

ताई, सकाळी उठलीस की मला एक फोन करत जा. बोलायला काही नसलं तरी चालेल.

तुझीच धाकटी,
ऑड्री

ता.क. आज तो पडदा उघडला, तेव्हा मी पुन्हा हात केला.