करंट गेल्यावरचे दहा सेकंद

अप्पा,

आमच्या स्वयंपाकघरात सिंकच्या खाली एक यंत्र बसवलंय आणि गेले आठ दिवस त्याच्यामुळे मला एका जागी बसवत नाही. तुम्ही असतात तर आल्या आल्या पँट गुडघ्यांवर ओढून त्याच्यापुढे उकिडवे बसला असतात आणि टॉर्च मागितला असतात. खरकटं दळायचं यंत्र आहे ते. डिस्पोझर म्हणतात. भाताची शितं, भाजीची देठं, चहाचा चोथा सिंकच्या भोकातून आत ढकलायचा, नळ सोडायचा, ओट्यावरचं गोल बटण दाबायचं. खाली घरघर होते आणि सगळं पाण्याबरोबर निघून जातं. माझा गुडघा दुखतो, ओल्या कचऱ्याची बादली रोज खाली न्यायला जमत नाही, म्हणून लेकाने मागच्या खेपेला येताना ते आणलं आणि स्वतः उभं राहून बसवून घेतलं. त्याच्या प्रेमाबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या भोकाच्या तोंडाशी काळ्या रबराच्या पाकळ्या आहेत. त्यांच्यामुळे आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही, हाताला मात्र आत जाता येतं. हे मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं आणि मी ते कुणाला म्हटलं नाही.

सकाळी माझ्याकडे कामाला येते ती जवळच्या कोवलम या कोळ्यांच्या गावाहून बसने येते. माझ्याहून पंधरा-एक वर्षांनी लहान असेल. मी तिला 'मा' म्हणते, ती मला 'अम्मा'. पहाटे बोटी लागल्या की ती किनाऱ्यावर मासे साफ करून देते, मग अंघोळ करून, केसात फूल माळून माझ्याकडे येते. म्हणजे तिचं सगळं घर तिच्या दहा बोटांवर चालतं. हे असं मी पूर्वी कधी मोजलं नव्हतं.

मागच्या मंगळवारी तिने नाश्त्याच्या बशा विसळून यंत्र चालू केलं आणि एक छोटा चमचा त्यात गेला. खडखड झाली आणि नेमका त्याच वेळी करंट गेला. यंत्र गप्प झालं. तिने हात घालून चमचा शोधायला सुरुवात केली. आमच्या इमारतीत करंट गेला की खालचा जनरेटर आपोआप सुरू होतो, त्याला दहा सेकंद लागतात. तिने चमचा वर काढला, पदराला पुसला, मला दाखवला आणि यंत्र एकदम फिरायला लागलं. गोल बटण कुणी बंद केलंच नव्हतं. ती दचकली, मग हसली. म्हणाली, कोवलममध्ये मी जिवंत खेकड्याच्या नांगीतून बोट सोडवून घेते, तुमच्या या डब्याला काय घाबरायचं. मी नळ बंद केला, स्टुलावर बसले आणि मला तुमचा आवाज ऐकू आला.

कारखान्याच्या क्वार्टर्समधलं आपलं स्वयंपाकघर आठवतं? ओटा ठेंगणा, खिडकीला हिरवी जाळी आणि कोपऱ्यात तुम्ही बोनसच्या वर्षी आणलेला ग्राइंडर. आपल्या ओळीतला तो पहिला. आईला इडलीचं पीठ वाटायला शेजारच्या तमिळ मामींनी शिकवलं होतं आणि मामींची पद्धत इथल्या सगळ्यांची तीच पद्धत. दगड फिरत असतो आणि कडेला चढलेलं पीठ बाई हाताने आत ढकलत राहते. हात दगडाच्या मागे मागे जातो, पुढे कधी जात नाही. बघताना नाच वाटावा. आईसुद्धा दोन महिन्यांत तशीच ढकलायला लागली, आणि मी दहा वर्षांची, मला वाटायचं हे आलं की आपण मोठ्या झालो.

त्या दिवशी मामी बसल्या आहेत, आई डाळ निवडते आहे, करंट जातो आणि दगड थांबतो. मला संधी वाटते. मी कोपरापर्यंत हात घालून तळाचं पीठ खरवडते. तुम्ही दारात येता, एका ढांगेत माझ्यापाशी पोचता, माझा हात बाहेर खेचता आणि मनगटावर फटका देता. पीठ मामींच्या साडीवर उडतं. तुम्ही आधी भिंतीवरचं बटण बंद करता, मग माझ्याकडे वळता. "आवाज थांबला म्हणजे यंत्र थांबलं, असं कुणी सांगितलं तुला?" बस, इतकंच. समजावलं नाही, जवळ घेतलं नाही. तुम्ही कधी आवाज चढवायचा नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर रागावल्या तरी आधी नावाने हाक मारायच्या, आणि तुम्ही तर मला परक्यांसमोर मारलंत. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या मराठीच्या वहीत लाल पेन्सिलीने ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेत आणि खाली 'छान' लिहिलंत. ते 'छान' मी त्या वेळी मंजूर केलं नव्हतं.

रविवारी तुम्ही ग्राइंडरच्या वर भिंतीला एक लोखंडी पेटी ठोकलीत, हिरव्या आणि लाल बटणाची. कारखान्यात तिला स्टार्टर म्हणतात, एवढं मला तेव्हा कळलं. करंट गेला की आतली पट्टी आपोआप सुटायची, आणि करंट परत आला तरी हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय दगड फिरायचा नाही. त्या काळात करंट सारखा जायचा. आई वैतागायची. "पीठ वाटू की तुमचं बटण दाबत बसू?" तुम्ही वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणालात, "दाबत बस. दाबायला बोट तरी शिल्लक राहील." मामी हसल्या, आई हसली नाही. आईला काहीतरी माहीत होतं.

हे लिहिताना मी दोनदा उठून सिंकखालचा प्लग बघून आले. काढलेलाच आहे. तरी बघून आले.

मंगळवारीच मी लेकाला फोन केला. तो म्हणाला, "आई, त्यात ब्लेड नसतातच गं." आत एक तबकडी फिरते, तिच्यावर दोन सैल लोखंडी तुकडे असतात, ते खरकटं कडेच्या खरखरीत कड्यावर आपटतात आणि त्याचा चुरा होतो, हे त्याने मला चित्र पाठवून समजावलं. मी म्हटलं, ब्लेड नसतील, पण बोटं असतात ना. तो थोडा चिडला. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय म्हणाला, हात घालू नका म्हणून. अप्पा, पुस्तिका इंग्रजीत आहे. ती मी वाचली होती, माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत, अगदी नीट, आणि कपाटात ठेवून दिली होती. जिचा हात सिंकमध्ये असतो तिला ती वाचता येत नाही, आणि मी ती तिला वाचून दाखवली नव्हती.

बुधवारी मी टी. नगरच्या बाजारात गेले. गर्दीत माझा जीव घाबरतो, तरी गेले. स्वयंपाकघराच्या सामानाच्या दुकानात एकाने मला दुसऱ्या तऱ्हेचं यंत्र दाखवलं. त्याला झाकण असतं आणि झाकण बसवून फिरवल्याशिवाय ते सुरूच होत नाही, म्हणजे भोक उघडं असताना यंत्र चालणारच नाही. मला ते इतकं पटलं की मी दुकानातूनच लेकाला फोटो पाठवला. पुढच्या खेपेला बदलू, असं त्याने लिहिलं. पुढची खेप डिसेंबरात. तोपर्यंत रोज सकाळी बशा विसळायच्या आहेत. मी एक हातभर लांब चिमटा घेतला आणि त्या गर्दीतून तो छत्रीसारखा धरून घरी आले.

शुक्रवारी इलेक्ट्रिशियन आला. पन्नाशीचा, शांत माणूस, आधी गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात होता. मला शब्द जुळवत बसावं लागलं नाही. करंट परत आल्यावर आपोआप सुरू होता कामा नये, एवढं म्हटल्यावर त्याने मान हलवली. "मॅडम, हे कारखान्यात मागतात. स्वयंपाकघरात आजवर कुणी मागितलं नाही." मग त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि तमिळमध्ये विचारलं, घरात कुणाला लागलंय का. मी म्हटलं, नाही, वडील कारखान्यात होते. त्याला ते उत्तर पुरलं.

आता पेटी प्लास्टिकची असते, पांढरी, साबणाच्या डबीएवढी, पण बटणं तीच, हिरवं आणि लाल. त्याने ती सिंकपासून लांब, खिडकीपाशी बसवली. मग यंत्र चालू केलं, मेन बंद केला, मेन पुन्हा चालू केला. फ्रिज गुरगुरला, पंखा फिरला, यंत्र गप्प राहिलं. आम्ही तिघं सिंकभोवती उभे राहून त्या गप्प यंत्राकडे बघत होतो. मी तिला सांगितलं, आत काही पडलं तर आधी लाल बटण, मग खालचा प्लग काढायचा, तो बाहेर डोळ्यांसमोर ठेवायचा आणि मग चिमटा. हात कधीच नाही. तिने सगळं माझ्यामागून म्हणून दाखवलं, शाळेतल्यासारखं, आणि इलेक्ट्रिशियनकडे बघून डोळे मिचकावले. म्हणाली, अम्मांच्या घरात आता बशा घासायला परीक्षा पास व्हावी लागते. कालपासून दोनदा करंट गेला आणि दोन्ही वेळा ती बटण दाबायला जाताना पुटपुटली. मला बरं वाटलं. पुटपुटू दे.

मग मी शांत का नाही?

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या कारखान्यातले ते अंकल फराळाला यायचे. उजव्या हाताची दोन बोटं नसलेले. त्यांची बशी तुम्ही आईला भरू द्यायचा नाहीत, स्वतः भरायचात, आणि चकली मोडून तुकडे करून ठेवायचात. ते तुमची थट्टा करायचे, माझे दात आहेत हो अजून, म्हणायचे. तुम्ही हसायचा नाहीत. तुम्ही गेल्यावर आईने एकदा सांगितलं, की पत्रा वाकवायच्या रोलरचा स्टार्टर दुरुस्तीला गेला होता, काम अडू नये म्हणून तार सरळ जोडली होती. पत्रा अडकला, करंट गेला, अंकलनी हात घातला आणि करंट परत आला. ती पाळी तुमच्या देखरेखीखाली होती. आई एवढंच बोलली आणि पोळ्या लाटायला लागली. मीसुद्धा पुढे विचारलं नाही. त्यांना हात घालायला कुणी सांगितलं होतं का, हे मी आईला विचारलं नाही आणि आता तीही नाही. मनगटावरच्या त्या फटक्याचा राग मी किती वर्षं सांभाळला. आता वाटतं, तो फटका तुम्ही मला मारतच नव्हतात.

हे मी तुमच्यावर ठपका ठेवायला म्हणून लिहीत नाही. मला माहीत नाही, आणि नसेलही तसं काही. मी माझ्यामुळे विचारते आहे. शाळेत पहिल्या शुक्रवारी कॅथलिक मुली कन्फेशनला रांग लावायच्या आणि पाच मिनिटांत हलक्या होऊन वर्गात यायच्या. आम्ही बाकीच्या तोवर मॉरल सायन्सचा धडा वाचत बसायचो. मला त्यांचा हेवा वाटायचा. लाकडी जाळीपलीकडे कुणीतरी ऐकतंय, त्याचा चेहरा दिसत नाही, आपल्याला फक्त बोलायचं आहे.

तिने आपणहून हात घातला नव्हता, अप्पा. ती बिचारी थांबली होती, वाकून बघत होती. मी ओट्याला टेकून चहा पीत होते. करंट गेला, यंत्र गप्प झालं, आणि मी म्हणाले, "कैय विट्टु एडु मा." हात घालून काढ. अगदी सहज. चमचा चांदीचा होता, नातवाच्या बारशाचा. स्टीलचा असता तर बहुतेक राहू दे म्हटलं असतं. लेकाला सांगताना मी 'तिने हात घातला' असं सांगितलं, आणि वर तुम्हालाही तसंच लिहिलं. लिहिताना हात अडखळला, तरी तसंच लिहिलं. ती मात्र कुणाला एकदाही म्हणाली नाही, की अम्मांनी सांगितलं होतं. इलेक्ट्रिशियनने विचारलं तेव्हा ती तिथेच उभी होती.

हा कागद कुठे जाणार नाही, म्हणून इथपर्यंत लिहिता आलं. जिला सांगायचं ती उद्या साडेसातच्या बसने येईल. चूक माझी होती, हे तमिळमधलं वाक्य माझं आठ दिवस तयार आहे. मी दार उघडेन, आणि मला माहीत आहे, आधी चहा घेतेस का, एवढंच विचारेन.