काचेवरचा दर

३ मार्च, सोमवार

नाही म्हणाले मी! मालकांना, तोंडावर.

सकाळी नेहमीसारखे तीन पंपांना फोन केले. डिझेल पुन्हा वर — सलग तिसरा सोमवार. आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसचा नियम साधा आहे: डिझेल हलेल तसा गाडीवाल्यांना द्यायचा भाडेदर हलणार. मी आकडा काढते, पत्रक बुकिंगच्या खिडकीच्या काचेवर चिकटवते, आणि आठवडाभर त्याच दराने माल उचलला जातो.

मालक म्हणाले, "बाई, या वेळी मागचाच दर राहू द्या. कोण पंपावर जाऊन बघतंय?"

"सगळेच जातात, साहेब. गाड्या पाण्यावर चालत नाहीत."

"हे तुम्ही नाही, तुमचा दीर बोलतोय."

ते लागलं. दिराची एकुलती एक गाडी आमच्याकडेच लागते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

४ मार्च

भाजी चिरताना डोक्यात एकच — दिराची गाडी नसती तर मी इतकी ताठ उभी राहिले असते? खरं सांगायचं तर, माहीत नाही. पण आकडा तोच आला असता ना! डिझेलला माझी नातीगोती कुठे कळतात.

नवरा म्हणाला, "नोकरी गेली तर?"

"गेली तर गेली!" आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

१० मार्च, सोमवार

पत्रकाचं काम माझ्याकडून काढून कॅशियरला दिलं. त्याने मुकाट्याने जुनाच दर छापून लावला.

मी पंपांना फोन केलेच. आकडा काढला, हाताने लिहिला, खाली सही केली आणि त्याच्या कागदाशेजारी माझा चिकटवला. थोड्याच वेळात खिडकीसमोर ही गर्दी! एक म्हातारा ड्रायव्हर ओरडला, "ए कॅशियर, तुझ्या पंपाचा पत्ता दे की! आम्ही सगळे तिथेच टाकी भरतो!" हशा पिकला. पण एकानेही गाडी माल भरायला लावली नाही. गोदाम तुंबलं.

दीर मागे उभा होता. "वहिनी, घरात तुला कधी एवढं बोलताना ऐकलं नाही."

"घरात ऐकतं कोण?"

११ मार्च

मालक नमले. नवा दर लागला, पत्रक परत माझ्याकडे. माझ्याशी बोलत नाहीत, फाइल टेबलावर आपटून जातात. आपटू देत.

१७ मार्च, सोमवार

डिझेल जागच्या जागी, दरही तोच.

गाडीवाल्यांनी चहा पाजला. म्हातारा म्हणाला, "बाई आपल्या बाजूच्या आहेत." आवडलं मला. नंतर खटकलं — मी कुणाची बाजू घेतली होती? पंपावर जो भाव होता तो लिहिला, एवढंच. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. त्याऐवजी चहा पीत राहिले. दीर सगळ्यांना सांगत होता, "माझी वहिनी!"

२४ मार्च, सोमवार

डिझेल उतरलं. दर उतरवला.

दिराने सगळ्यांदेखत काचेवरचा कागद टराटरा फाडला. मी दुसरा लिहून चिकटवला.